ज्वारीची भाकरी आणि पुराव्याची पारख



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य संस्थेने मला दिले, याबद्दल मी ऋणी आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाकडून संतवाङ्मय, महानुभाव ग्रंथ किंवा आपल्या भागातील शिलालेख अशा एखाद्या विषयाची अपेक्षा असणार, हे मी जाणतो. तरीही आजचा माझा विषय अन्नाचा आहे. माणसाच्या आहाराविषयी शास्त्रज्ञ जे निष्कर्ष काढतात ते कितपत विश्वसनीय मानावेत, आणि ते ठरविण्याच्या रीती कशा घडत गेल्या, याचा इतिहास मला मांडावयाचा आहे. बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांतील माणसाने हा विषय परका मानण्याचे कारण नाही. ज्या धान्यावर आपल्या कित्येक पिढ्या जगल्या त्या ज्वारीवर विसाव्या शतकात एक गंभीर आरोप ठेवला गेला, आणि एकविसाव्या शतकात त्याच धान्याचा जयजयकार सुरू झाला. धान्य तेच. मग बदलले काय, हा आजचा प्रश्न आहे.

भाषेच्या अभ्यासकाने या प्रांतात शिरावे की नाही, अशी शंका कोणी घेईल. तिला माझे उत्तर असे की पुराव्याची पारख हाच आमचाही धंदा आहे. हस्तलिखितांवर काम करणाऱ्याला एक गोष्ट आरंभीच शिकावी लागते. एका ग्रंथाच्या वीस पोथ्या मिळाल्या आणि त्यांतील अठरा पोथ्यांत एकच पाठ आढळला, म्हणून तो पाठ मूळचा ठरत नाही. कारण त्या अठराही पोथ्या एकाच चुकलेल्या पोथीवरून उतरलेल्या असू शकतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले, १९२५ पासून वि. सी. सुखटणकरांनी त्याची सूत्रे हाती घेतली आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. पोथ्या मोजावयाच्या नसतात, तोलावयाच्या असतात, हे तत्त्व त्या कामाच्या पानापानावर दिसते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. नक्कल करणारा लेखक दोन प्रकारे चुकतो. डुलकी लागली, ओळ गळली, अक्षर फिरले, ही झाली हातचूक. ती कोठेही होते आणि दोन-चार पोथ्या ताडून पाहिल्या की सापडते. पण कठीण शब्द दिसला की त्या जागी सोपा शब्द घालणे, आपल्या पंथाला न रुचणारे वाक्य सौम्य करणे, ही चूक नेहमी एकाच दिशेने होते. तिला मी ‘कल’ म्हणतो. असा कल असलेल्या शंभर पोथ्या एकत्र केल्या तरी सत्य हाती येत नाही; उलट असत्याला शंभर साक्षीदार मिळतात. आहारशास्त्रातही हाच भेद महत्त्वाचा आहे. तेथे कल म्हणजे लबाडी नव्हे. पुष्कळदा अत्यंत प्रामाणिक माणसाच्या हातूनही तो शिरतो, कारण तो अभ्यासाच्या रचनेतच दडलेला असतो.

इतिहासाच्या साधनांत तो कसा दडतो याचे उदाहरण घराजवळच आहे. आपल्या बसवकल्याणात, म्हणजे त्या काळच्या कल्याणीत, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा विश्वकोशवजा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मंडक आहेत, पूरिका आहेत, इड्डरिका आणि धोसक आहेत. मांसाचे नानाविध प्रकार आहेत. आजच्या मांड्यांचा, इडलीचा, डोशाचा पूर्वेतिहास शोधणारे तेथपर्यंत जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु हे प्रकरण वाचून ‘बाराव्या शतकात कल्याणीचे लोक असे जेवत’ असे कोणी लिहिले, तर त्याला थांबविले पाहिजे. राजाच्या मुदपाकखान्याची ती नोंद आहे. रयतेच्या चुलीवर काय शिजत होते ते टिपून ठेवण्याचा ग्रंथकाराचा हेतूच नव्हता. ज्याची नोंद झाली त्यावरून ज्याची नोंद झाली नाही त्याचे अनुमान करणे, हा आहाराच्या अभ्यासातील सर्वांत जुना सापळा आहे.

आता विसाव्या शतकाकडे वळू. निलगिरीतील कुन्नूर येथे १९१८ मध्ये बेरीबेरी या रोगाच्या चौकशीसाठी एक छोटे केंद्र निघाले. रॉबर्ट मॅकॅरिसन हे लष्करी वैद्यकीय सेवेतील अधिकारी त्याचे प्रमुख होते. याच केंद्रातून पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा वाढली. ती १९५८ मध्ये हैदराबादेस हलली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. मॅकॅरिसन यांनी १९२० च्या दशकात केलेला एक प्रयोग जगभर गाजला. उंदरांचे सात गट पाडून प्रत्येक गटाला हिंदुस्थानातील एकेका लोकसमूहाचा म्हणून समजला जाणारा आहार देण्यात आला: शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी. उंदरांची वाढ आणि अंगकाठी पाहता क्रमही हाच लागला. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट, मद्रासी आहारावरचे सर्वांत दुबळे; मराठा तिसरा, कानडी पाचवा.

सीमाभागातील श्रोत्यांना येथे हसू आले तर मी त्यांना दोष देणार नाही. भालकीच्या एखाद्या गल्लीत एका घरी मराठी बोलतात आणि शेजारच्या घरी कन्नड; इकडे ज्वारीची भाकरी थापली जाते, तिकडे जोळद रोट्टी बडवली जाते. पीठ एकाच गिरणीतले असते. या दोन घरांना तिसरा आणि पाचवा क्रमांक कोणत्या न्यायाने द्यावयाचा? मॅकॅरिसन यांच्या ‘शीख’ आहारात गव्हाच्या पोळ्या, दूध, लोणी, डाळी, भाज्या, फळे आणि अधूनमधून मांस होते. ‘मद्रासी’ आहारात मुख्यतः भात होता आणि दूधदुभते जवळजवळ नव्हते. म्हणजे प्रयोगाने सिद्ध केले ते इतकेच की दूध, डाळ आणि भाजी मिळालेला उंदीर न मिळालेल्यापेक्षा चांगला वाढतो. हे खरे आहे आणि मोलाचेही आहे. परंतु गटांना नावे जातीजमातींची दिली गेली, आणि ‘लढाऊ जमाती’च्या तत्कालीन सरकारी सिद्धांताला ती नावे फार सोयीची होती. पंजाबातील भूमिहीन मजूर तो शीख आहार जेवत होता काय, तंजावरचा जमीनदार दुधावाचून राहत होता काय, हे प्रश्न त्या नावांखाली झाकले गेले.

मॅकॅरिसन यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी गरीब इंग्रजांचा आहारही, पांढरा पाव, मार्गारीन, डबाबंद मांस आणि मुरंबा, उंदरांना घालून पाहिला, त्याचे परिणाम वाईट आले, आणि १९३६ च्या लंडनमधील व्याख्यानांत त्यांनी ते आपल्या देशबांधवांना बजावून सांगितले. त्यांचा दोष पूर्वग्रहाचा नव्हता असे मी म्हणत नाही. पण मुख्य दोष वर्गीकरणाचा होता. पैशाने पडलेला भेद त्यांनी वंशाच्या खात्यावर लिहिला.

ज्वारीवरील आरोप समजून घेण्यासाठी आधी पेलाग्रा या रोगाची ओळख करून घ्यावी लागेल. या रोगात ऊन लागणाऱ्या भागांवरची, विशेषतः हातापायांची आणि मानेभोवतीची, कातडी काळवंडून खरखरीत होते, जुलाब लागतात, पुढे भ्रम होतो आणि उपचार न झाल्यास मृत्यू ओढवतो. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये मका खाणाऱ्या गरिबांत तो पाहिला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने हाहाकार माजविला. तेथे नेमलेल्या एका आयोगाने १९१२ पासून कापड गिरण्यांच्या वस्त्यांची पाहणी केली. जुन्या रोग्याच्या घराजवळच नवे रोगी निघतात, आणि जेथे शौचाची व्यवस्था वाईट तेथे रोग अधिक, असे आयोगाला दिसले. रोग संसर्गजन्य आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. आकडे खोटे नव्हते. पण शेजारीशेजारी राहणारे ते लोक एकाच दुकानातून उधारीवर मक्याचे पीठ आणत होते आणि सारखेच गरीब होते, याचा हिशोब आयोगाने केला नव्हता.

जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टराने १९१४ मध्ये या कामात हात घातला तेव्हा त्याच्या नजरेत एक साधी गोष्ट भरली: वेड्यांच्या इस्पितळांत रोग्यांना पेलाग्रा होतो, त्यांची शुश्रूषा करणाऱ्या नोकरांना मात्र होत नाही. जंतू काही नोकरी पाहून चावत नाहीत. त्याने अनाथालयांतील मुलांचा आहार सुधारला आणि रोग थांबला. १९१५ मध्ये मिसिसिपीच्या तुरुंगशेतीवर शिक्षामाफीच्या अटीने तयार झालेल्या अकरा कैद्यांना निकृष्ट आहारावर ठेवले, तेव्हा सहा जणांत रोगाची लक्षणे उमटली. हा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि करूही नये. पुढे एडगर सिडेनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्याने दक्षिण कॅरोलिनातील गिरणीगावांत घरोघरच्या मिळकतीचा आणि खरेदीचा हिशोब मांडला. मिळकत जितकी कमी तितका रोग अधिक, आणि ज्या घरात दूध व ताजे मांस येते तेथे तो नाही. निॲसिन या जीवनसत्त्वाचा अभाव हे रोगाचे कारण आहे, हे १९३७ मधील कॉनराड एल्व्हेहेम याच्या शोधानंतर स्पष्ट झाले. तोवर गोल्डबर्गर हयात नव्हता.

आता हैदराबाद. मक्यातील निॲसिन बांधलेल्या स्वरूपात असते, शरीराला सहजी मिळत नाही. शिवाय ज्यापासून शरीर स्वतः निॲसिन बनविते ते ट्रिप्टोफॅन हे द्रव्यही मक्याच्या प्रथिनात तुटपुंजे असते. म्हणून मकाभक्षकांतील पेलाग्राचा उलगडा झाला होता. परंतु दख्खनच्या पठारावर, हैदराबादच्या आसपासच्या भागात, मका न खाणाऱ्या आणि ज्वारीवर जगणाऱ्या गरीब शेतमजुरांत हा रोग आढळत होता. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकंठय्या यांनी १९६० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याची मीमांसा मांडली. ज्वारीच्या प्रथिनात ल्यूसिन नावाचे घटकद्रव्य फार असते. त्याच्या अतिरेकामुळे ट्रिप्टोफॅनपासून निॲसिन बनण्याच्या आणि ते वापरले जाण्याच्या क्रियेत बिघाड होतो, असे त्यांचे म्हणणे होते. माणसांना ल्यूसिन देऊन त्यांच्या मूत्राची तपासणी झाली. ज्वारीयुक्त आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांत पेलाग्राचा भाऊ शोभेल असा काळ्या जिभेचा रोग उत्पन्न झाल्याचे १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. आयसोल्यूसिन दिल्याने रोग्यांची स्थिती सुधारते, असे १९७१ मध्ये कमला कृष्णस्वामी आणि गोपालन यांनी मांडले. भारतीय शास्त्रज्ञांनी भारतीय रोग्यांकडे पाहून स्वतंत्रपणे उभारलेला हा सिद्धांत होता. त्याचे जगाने कौतुक केले, आणि तो अभिमानाचाच विषय आहे.

तथापि अभिमान हीसुद्धा एक झुकती तराजू आहे. पुढे जपानमध्ये १९७५ च्या सुमारास माणसांवर आणि अमेरिकेत १९७८ मध्ये केनेथ कार्पेंटर यांच्या प्रयोगशाळेत प्राण्यांवर प्रयोग झाले, तेव्हा ल्यूसिनचा तसा परिणाम दिसेना. ज्वारीतील निॲसिनही पुष्कळ अंशी मक्याप्रमाणेच बांधलेले असते, असे काही प्रयोगांत आढळले. म्हणजे ज्या कोड्यामुळे ल्यूसिनचा शोध आरंभिला ते कोडेच थोडे सैल झाले. उलट लंडनमध्ये १९८० च्या दशकात उंदरांवर झालेल्या कामाने सिद्धांताला काही बळ दिले: आहारात निॲसिन पुरेसे असेल तर ल्यूसिन निरुपद्रवी, पण ते अपुरे असेल तर उपद्रवी, असा त्याचा आशय होता. हैदराबादच्याच संशोधकांनी ज्वारीच्या निरनिराळ्या वाणांत ल्यूसिनचे प्रमाण पुष्कळ कमीअधिक असते हे दाखविले आणि ब-६ जीवनसत्त्वाकडेही लक्ष वेधले. शेवटचा शब्द उच्चारला गेला आहे असे मला वाटत नाही.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. सोलापूर, विजापूर, कलबुर्गी, बीदर, उस्मानाबाद या साऱ्या पट्ट्यात मालदांडीची किंवा दगडीची भाकरी हे सर्वांचेच अन्न होते. पाटलाचे होते, जोश्याचे होते, सालगड्याचे होते. पेलाग्रा झाला तो सालगड्याला. पाटलाच्या भाकरीबरोबर तुरीचे वरण, ताक, तूप आणि भाजी असे. सालगड्याच्या भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी कित्येकदा नुसत्या कण्या. कलबुर्गीच्या ज्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ती पिकविणाऱ्याच्या ताटात ती पोचतच असे, असे नाही. ज्वारी आणि दारिद्र्य ही दोन एकाच घरात राहत होती. रोग कोणाचा, हे ठरविताना दोघांची साक्ष स्वतंत्रपणे घ्यावयास हवी होती. गोपालन यांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. पोषणाचा प्रश्न दारिद्र्याचा आहे हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. पण शास्त्रीय निबंधातील जपून लिहिलेले वाक्य पाठ्यपुस्तकात उतरते तेव्हा त्याचे पथ्य गळून पडते. ‘ज्वारी खाणाऱ्यांस पेलाग्रा होतो’ एवढेच शिल्लक राहते, आणि मग अठरा पोथ्यांत तोच पाठ.

पुढे पेलाग्राचे रोगी पुष्कळ कमी झाले. सीमेपलीकडे आंध्रात १९८३ मध्ये दोन रुपये किलोचा तांदूळ सुरू झाला, आपल्याकडेही स्वस्त धान्य दुकानांतून तांदूळ आणि गहू येत गेला, ज्वारी मागे हटली. पाहा, ज्वारी गेली आणि रोग गेला, असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्याच वर्षांत मजुरी वाढली, रस्ते झाले, दवाखाने जवळ आले, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या खेड्यात मिळू लागल्या. एकाच वेळी बदललेल्या पाच गोष्टींपैकी एकीलाच यश द्यावयाचे तर त्यासाठी काही आधार हवा. येथे १९७२ च्या दुष्काळाची आठवण होणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी आणखी एक सांगेन. त्या वेळी मराठवाड्यात परदेशातून आलेली तांबडी मिलो रेशनवर वाटली गेली. तिची चव ज्यांच्या जिभेवर राहिली त्यांनी ज्वारी या धान्यालाच ‘दुष्काळी अन्न’ ठरवून टाकले. तोंडाची चवही पुरावा म्हणून पुढे येते, आणि तिला उलटतपासणी कोणी घेत नाही.

त्याच काळात ‘प्रथिनांची तूट’ या कल्पनेने जगातील संस्थांना झपाटले होते. गरीब देशांतील मुलांना मुख्य उणीव प्रथिनांची आहे, असे गृहीत धरून मासळीचे पीठ, विशेष बिस्किटे, लायसिन मिसळलेली कणीक अशा योजना निघाल्या. याला आकड्यांनी उत्तर देणाऱ्यांत साताऱ्याजवळच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे अग्रभागी होते. राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख असताना त्यांनी दाखविले की ज्यांच्या आहारात प्रथिने कमी पडतात त्यांना बहुतेक ठिकाणी मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. भाकरी-वरण पोटभर मिळाले तर प्रथिने आपोआप भरून निघतात. डोनाल्ड मॅक्लॅरेन यांनी १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच या साऱ्या प्रकरणाला प्रथिनांचा महाघोटाळा असे नाव दिले. पुढे कुपोषितांची संख्या कशी मोजावी यावरून सुखात्मे, वि. म. दांडेकर आणि गोपालन यांच्यात कडाक्याचा वाद झाला, त्यात मी येथे शिरत नाही. दोन साताऱ्यांच्या भांडणात बीदरकराने पडू नये, एवढेच म्हणतो.

एक प्रश्न मात्र टाळता येत नाही. माणूस काय खातो हे मुळात कळते कसे? राष्ट्रीय पोषण संनियंत्रण केंद्राने १९७२ पासून कित्येक राज्यांत, त्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही, घरोघर जाऊन आदल्या चोवीस तासांत काय शिजले आणि कोणी किती खाल्ले याच्या नोंदी घेतल्या. हे केंद्र २०१५ मध्ये बंद झाले, ही मोठी हानी आहे. या पद्धतीवाचून गत्यंतर नाही, पण तिची मर्यादा आपल्या गावात बसून चांगली समजते. समजा, पाहणी करणारा येळवशीच्या दुसऱ्या दिवशी आला. आदल्या दिवशी गावातील गरिबातला गरीबही कोणाच्या तरी शेतात बसून भज्जी, उंडे, आंबील पोटभर जेवलेला. त्या एका दिवसावरून लिहिले तर आपला तालुका देशातील सर्वांत सुपोषित ठरेल. चांगले सर्वेक्षक सणाचा दिवस टाळतात, हे खरे. पण सुगीचा महिना आणि ज्येष्ठाचा महिना यांतला फरक, थापणाऱ्या हातागणिक बदलणारा भाकरीचा आकार, आणि सर्वांना वाढून शेवटी उरलेले खाणारी गृहिणी, हे टाळता येत नाही. ताटांचा हिशोब तीच सांगते, आणि स्वतःच्या ताटाविषयी ती ‘जेवले की’ एवढेच म्हणते.

या सर्व अडचणींचा विचार करून गेल्या काही दशकांत पुराव्याची पारख करण्याचे एक शास्त्रच उभे राहिले. इंग्लंडमध्ये १९४८ साली क्षयरोगावरील औषधाची परीक्षा घेताना ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी कोणत्या रोग्याला औषध द्यावयाचे हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता जणू चिठ्ठ्या टाकून ठरविले. आर्ची कॉक्रन या स्कॉटिश वैद्याच्या नावाने १९९३ मध्ये निघालेल्या संघटनेने अशा परीक्षांची छाननी करण्याचे नियम बांधले, आणि २०१९ मध्ये ते सुधारून पुन्हा प्रसिद्ध केले. नियम ऐकावयास साधे आहेत. गट चिठ्ठ्यांनी पडले की निवडीने? ज्याला जे खावयास सांगितले ते त्याने खाल्ले काय? मध्येच कोण गळाले, आणि का? मोजणाऱ्याला कोणी काय खाल्ले हे ठाऊक होते काय? दहा गोष्टी मोजून अनुकूल अशा दोनच छापल्या काय? या शेवटच्या खोडीला आळा बसावा म्हणून आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये नोंदवही सुरू केली; तीत काय मोजणार हे आधीच जाहीर करता येते.

औषधाच्या बाबतीत हे सारे जमते. साखरेची गोळी आणि औषधाची गोळी दिसावयास सारखी करता येते. भाकरी आणि भात सारखे दिसावेत अशी युक्ती अजून कोणाला सुचलेली नाही. म्हणून आहाराच्या अभ्यासांत थोडाफार कल राहणारच. तो किती आणि कोणत्या बाजूचा, एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले.

आता ज्वारीच्या नव्या भाग्याकडे येऊ. राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. आपल्या सरकारने त्यांना ‘श्रीअन्न’ ही पदवी दिली. त्याआधी २०२१ मध्ये, बीदरहून हैदराबादेस जाताना वाटेत लागणाऱ्या पटनचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेच्या पुढाकाराने अनेक अभ्यासांची एकत्रित पाहणी प्रसिद्ध झाली. भरडधान्ये खाणाऱ्या मधुमेहींची उपाशीपोटीची रक्तशर्करा सुमारे १२ टक्क्यांनी आणि जेवणानंतरची सुमारे १५ टक्क्यांनी उतरते, असे तीत सांगितले आहे. ज्वारी, बाजरी, तूर यांची सुधारणा करण्यासाठीच ही संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली. तिने केलेली पाहणी म्हणून ती खोटी असे म्हणणे अडाणीपणाचे होईल. पण पोथी कोणत्या मठातून आली हे पाहिल्यावाचून पाठ स्वीकारणेही आम्हांला शिकविलेले नाही. एकत्र केलेल्या अभ्यासांत किती माणसे होती, किती दिवस होती, तुलना कशाशी होती, हे पाहूनच त्या टक्क्यांचे वजन ठरेल.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट बाजारात दिसते. ज्वारी पुष्कळदा गव्हाहून महाग विकली जाते. हैदराबादेत, पुण्यात, बंगळुरात आज भाकरी कोण खातो? ज्याला डॉक्टरने सांगितले आहे, जो पहाटे फिरावयास जातो, ज्याच्या ताटात भाकरीबरोबर डाळ, कोशिंबीर आणि दही आहे तो. अशा शंभर माणसांची तुलना रेशनच्या तांदळावर जगणाऱ्या शंभर माणसांशी केली तर ज्वारीचा विजय ठरलेला आहे. साठ वर्षांपूर्वी हीच तुलना केली असती तर ज्वारीचा पराभव ठरलेला होता. दोन्ही वेळा निकाल लागतो तो खाणाऱ्याच्या ऐपतीचा, आणि लिहिला जातो धान्याच्या नावावर. मॅकॅरिसन यांच्या उंदरांपासून आपण फार दूर आलो आहोत, असे समजण्याचे कारण नाही.

हा केवळ पंडितांचा वाद नाही. कर्नाटकात शाळांतील शिजवलेल्या जेवणाची योजना २००२ मध्ये प्रथम आपल्याच ईशान्येकडील जिल्ह्यांत सुरू झाली, आणि २०१३ च्या अन्नभाग्य योजनेने घरोघर मुख्यतः तांदूळ पोचविला. या जिल्ह्यांतील मुलांच्या ताटात भात असावा, भाकरी असावी की दोन्ही, हा प्रश्न या सभागृहातील शिक्षकांच्या दैनंदिन कामाचा आहे. त्याचे उत्तर इतर प्रांतांच्या आकड्यांवरून काढण्यापेक्षा येथेच काढता येईल. एखाद्या तालुक्यातील शाळांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. काहींत आठवड्यातून ठरावीक दिवस भाकरी आणि वरण, इतरांत भात आणि तेच वरण तितकेच द्यावे. वजन-उंची आणि रक्त तपासणाऱ्यास शाळेत काय वाढतात हे सांगू नये. काय मोजणार ते आरंभीच जाहीर करावे. भाकऱ्या थापण्यासाठी हात कोठून आणावयाचे, ही स्वयंपाकी बायकांची रास्त तक्रार असेल, आणि तिचे उत्तर आधी द्यावे लागेल.

असे काम कोणी हाती घेतलेच, तर माझी एक सूचना आहे. आरंभी दोनशे मुले मोजली आणि वर्षाअखेर एकशे साठच मोजली, तर उरलेल्या चाळीसांचा शोध घ्यावा. दसरा-दिवाळीनंतर आपल्या गावांतून कोण बाहेर पडते हे येथील प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे: ऊसतोडीला जाणाऱ्यांची, हैदराबादच्या बांधकामावर आणि मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्यांची मुले. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे नुसती गैरहजेरी पडते. तपासनीस वजनकाटा घेऊन येईल त्या दिवशी वर्गात नसलेली मुले बहुधा तीच असतील, ज्यांच्या घरी या वर्षी तूर कोणत्या भावाने मिळाली हे विचारणेच सर्वांत अगत्याचे होते.